टिपणीसांचा एकटा जंतू

टिपणीस मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून गुणगानाची अपेक्षा ठेवणार नाही. माणूस निवृत्त झाला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि त्या रीतीपायी कितीतरी खडूस माणसं शाल-नारळ घेऊन, साधुपुरुष होऊन घरी गेलेली मी पाहिली आहेत. टिपणीसांच्या बाबतीत ती वेळ आली नाही. त्यांनी निरोप समारंभ घेऊच दिला नाही. हारातली फुलं कोणी कोणी हाताळलेली असतात कोण जाणे, असा निरोप त्यांनी प्राचार्यांना पाठवला. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हाराचे पैसे वाचले.

वसईच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं होतो, तिथे त्यांचा मायक्रोबायॉलॉजी विभाग आणि माझा बॉटनी विभाग यांच्यामध्ये एक भिंत होती आणि एक सामाईक बेसिन. त्या बेसिनवर आमची रोज गाठ पडे. नळ उघडायला ते कागदाचा एक तुकडा वापरत आणि बंद करायला दुसरा. साबण स्वतःचा, कपाटातून काढून आणलेला. हात धुऊन झाले की तो साबणही धुऊन ठेवत. मी एकदा विचारलं, “सर, साबण कशाने धुता?” पावावरच्या बुरशीकडे ते ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने माझ्याकडे बघून ते निघून गेले.

अंगाने किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशात एक निळं पेन आणि एक लाल. निळ्यापेक्षा लाल लवकर संपायचं. लग्न केलं नव्हतं. त्यावर स्टाफरूममध्ये जे विनोद व्हायचे ते मी इथे लिहीत नाही, पण ते सगळे मी केलेले होते.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे. ‘भेसळ.’ पोरं मराठीत हिंदी घुसडून बोलली की भेसळ. कँटीनची मिसळ म्हणजे उघड्यावर मांडलेली भेसळ. वाड्या तोडून इमारती उठत होत्या, केळीच्या बागेला लागून सिमेंटची जाळी आणि जाळीला लागून ब्यूटी पार्लर, त्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, “धड गाव नाही, धड शहर नाही. भेसळ आहे सगळी.” स्वतः गिरगावातली खोली विकून विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिलेले होते. म्हणजे या भेसळीत त्यांचा स्वतःचाही चमचाभर वाटा होता. पण तसं त्यांना सांगायची सोय नव्हती.

जेवणाची तऱ्हा तर बघण्यासारखी होती. डबा चार पुडांचा. आधी नुसती पोळी खायची, तोंडी लावायला काही नाही. मग नुसती भाजी. मग आमटी पेल्यात ओतून पाण्यासारखी प्यायची. शेवटी कोरडा भात. एकाचा थेंब दुसऱ्याला लागला तर ते पूड तसंच झाकून घरी. मला राहवलं नाही.

“सर, पोटात गेल्यावर काय करता? तिथे पडदे लावून घेतलेत का?”

“तिथलं माझ्या हातात नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “तो निसर्गाचा गलथानपणा आहे.”

आणि गंमत अशी, की हा माणूस जन्मभर संशोधन कशावर करत होता, तर माणसाच्या पोटातल्या त्याच गलथानपणावर. आतड्यातले जंतू पालेभाजीचं काय करतात, हा त्यांचा विषय. आपण शेवग्याच्या पाल्याची भाजी खातो. त्या पाल्यात एक पिवळं द्रव्य असतं. झाड ते साखरेला जोडून ठेवतं, कडीला कुलूप घालावं तसं. आपल्याला ते धड पचत नाही. आपण बढाया मारतो पचनशक्तीच्या, पण यातलं बरंचसं काम आतड्यात राहणारे जंतू करतात आणि आपण फुकटचे ढेकर देतो. एवढं शास्त्र मलाही ठाऊक होतं, कारण पाला त्यांना मीच पुरवत असे. कॉलेजच्या मागे माझ्या विभागाची शेवग्याची झाडं होती.

टिपणीसांचं म्हणणं असं, की हे सगळं काम करणारा एकच जंतू आहे. एक, समर्थ, स्वयंपूर्ण. तो आतड्याच्या त्या गर्दीतून निवडून काढायचा, शुद्ध करायचा, आणि जगापुढे ठेवायचा. किती वर्षं ते हे करत होते, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा ते त्या जंतूच्या मागे होते आणि माझे केस पिकायला लागले तरी मागेच होते.

जंतू मिळवायचे तर नमुने हवेत, आणि आतड्यातल्या जंतूंचे नमुने कुठून येतात हे सभ्य माणसाने विचारू नये. टिपणीसांनी त्यासाठी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या फोटो स्टुडिओतून आणल्या आणि ज्या चेहऱ्याने परीक्षेचे पेपर वाटत त्याच चेहऱ्याने स्टाफरूममध्ये वाटल्या. “सकाळी. ताजा. झाकण घट्ट.” एवढंच बोलले. खेळाच्या सरांना वाटलं आत पेढा आहे, त्यांनी तिथेच उघडून बघितली.

दुसऱ्या दिवशी ज्यांनी आणून दिल्या त्यांची तर आणखी शोभा झाली. टिपणीस एकेक डबी घेत आणि नाकारत. “तुम्ही बाहेरचं खाता. बाद.” “तुम्ही ताडी पिता, माझ्या कानावर आहे. बाद.” त्यांच्या मते सगळ्या कॉलेजात एकच नमुना उत्कृष्ट होता. त्यांचा स्वतःचा.

आणि तोच नापास झाला. शेवग्याच्या पाल्याचा काढा नळीत घ्यायचा, त्यात नमुना घालायचा, हवा लागू न देता उबेत ठेवायचा, आणि दोन दिवसांनी वरून एका औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं द्रव्य शाबूत असेल तर नळी हळदीसारखी होते. मोडलेलं असेल तर रंग येत नाही. टिपणीसांची नळी पिवळीधमक झाली. एकेक पदार्थ वेगळा खाणाऱ्या त्या पोटात शेवगा मोडणारं कोणी राहतच नव्हतं. मी इतकी हसले, की बेसिनला धरून उभी राहिले. टिपणीसांनी वहीत लिहिलं, ‘नळीत दोष.’

पुढे ज्या नमुन्याने रंग साफ घालवला, तो होता सुनंदाच्या आईचा.

सुनंदा म्हात्रे उमेळ्याची. घरची खाडीकडची भातशेती आणि थोडी केळीची वाडी. टिपणीसांच्या विभागात ती टेम्पररी डेमॉन्स्ट्रेटर होती आणि त्यांच्याच हाताखाली प्रबंध लिहून एम.एस्सी. करत होती. आवाज असा खणखणीत, की ती पलीकडे हसली की माझ्या वर्गातली पोरं वळून बघायची. घरी ‘पानी’, ‘कोन’ बोलणारी मुलगी कॉलेजात जपून ‘पाणी’, ‘कोण’ म्हणे. पण घाईत असली की ‘न’ यायचाच, आणि टिपणीस टपलेलेच असायचे. “म्हात्रे, आधी पाणी शुद्ध करा. मग जंतूंकडे वळू.” विद्यार्थी फिदीफिदी हसत. सुनंदाही हसायची. मला मात्र त्या माणसाच्या डोक्यावर बादली उपडी करावीशी वाटे.

तिचं हसणं मला पुढे कळलं. जूनच्या आत पदवी हातात पडली तर तिला कायम करणार होते, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. वाडीभोवती बिल्डर घिरट्या घालत होता आणि वडील थकले होते. “माझा पगार कायम होऊदे, मग बघा कोन वाडी विकतो ते,” असं तिने घरी ठणकावून सांगितलं होतं. आणि त्या पदवीच्या प्रबंधावर सही टिपणीसांची लागणार होती. म्हणून ती हसत होती.

मी तिच्या घरी एकदा गेले होते. तिच्या आईने शेवग्याचा पाला, सुके जवळे, कालची उरलेली डाळ आणि वर ओलं खोबरं असं एकाच टोपात केलेलं कालवण वाढलं. त्या माउलीला आपल्या डबीची कीर्ती ठाऊक होती.

“काय गो, तुझा मास्तर माझ्या पोटात काय शोधतंय?” तिने सुनंदाला विचारलं.

“जंतू शोधतायत गो. एक जंतू.”

“येकच? येकट्याने काय व्हतंय? त्याला जेवाला आन येकदा. कालवण खाल्लं ना, मंग नाय शोधायचा.”

हा निरोप मी मोठ्या आनंदाने टिपणीसांना पोचवला. ते म्हणाले, “टोपात सगळं एकत्र शिजवतात, म्हणूनच नमुना साफ करायला इतका वेळ लागतो आहे.”

साफ करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. जंतूवाल्यांच्या धंद्यात शुद्धपणाला मोठा मान. काचेच्या बशीत जंतूंच्या खाद्याची खळ पसरायची, तारेच्या टोकावर नमुना घेऊन रेघोट्या ओढायच्या, मग रेघेवर ठिपके उगवतात. एक ठिपका, म्हणजे एकाच जंतूची प्रजा. तो उचलायचा, पुन्हा रेघोट्या, पुन्हा ठिपका. दर वेळी तार आचेवर लाल होईपर्यंत जाळायची, म्हणजे आधीचं काही चिकटून येत नाही. असं करत करत शुद्ध वाण मिळतो. ज्या नळीत एकाहून जास्त जंतू दिसले ती फेकायची. रोग शोधायचा असेल तर हे बरोबरच आहे. पण टिपणीसांकडे व्हायचं असं, की ढवळलेली नळी रंग घालवायची आणि जसजसा जंतू शुद्ध होत जाई तसतशी करामत आटत जाई. शेवटी अगदी निर्मळ वाण हाती यायचा, आणि त्या निर्मळ वाणाला शेवग्याच्या पाल्याचं काही म्हणजे काही करता यायचं नाही. मग दोष द्यायला सगळं जग होतंच. टँकरचं पाणी. लोडशेडिंग. पोरांचे हात. एकदा तर माझा शेवगा. “तुमच्या झाडांना शिस्त नाही,” असं मला म्हणाले होते.

त्यातल्या त्यात बरा निघालेला एक वाण त्यांनी निवडला आणि त्याला स्वतःच्या नावावरून ‘टी-सात’ म्हणायला लागले. पोटच्या पोरासारखा जपला. त्याच्या नळ्या फ्रिजच्या एका कप्प्यात कुलपात, आणि किल्ली जानव्याला. टी-सात साखरेची कडी काढायचा, पण पिवळ्या द्रव्याला धक्का लावायचा नाही. सुनंदाच्या आईच्याच नमुन्यातून निघालेला दुसरा एक वाण बाजूला पडला होता. तो तर नळीत धड वाढायचाही नाही. त्याला टिपणीस ‘तो मरतुकडा’ म्हणत.

टिपणीस पेपर तपासायला मुंबईला गेले होते, त्या आठवड्यात सुनंदाने टी-सात आणि मरतुकडा एका नळीत घातले. टी-सातची एक नळी तिला कामापुरती दिलेली असे, त्यातला. रंगाचे थेंब टाकले तेव्हा ती भिंतीपलीकडून ओरडली, “मॅडम! या! या लवकर!” मी खडूचे हात घेऊन धावले. नळी पाण्यासारखी नितळ होती.

तिने मला समजावलं, आणि माझ्या आयुष्यात कोणी मला कुठलंही शास्त्र इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. टी-सात कुलूप उघडतो, साखर सोडवतो, थोडी खातो, थोडी सांडतो. मरतुकड्याला पिवळं द्रव्य फोडता येतं, पण त्याला जगायला साखर लागते आणि कुलूप उघडता येत नाही. टी-सातने सांडलेल्या साखरेवर तो उभा राहतो आणि मग पुढचं फोडतो. शिवाय त्याला हवा सोसत नाही, आणि नळीत जी काही चुकून राहिलेली हवा असते ती टी-सात संपवतो. “दोघं एकमेकांना ओळखत पन नाहीत मॅडम,” ती म्हणाली. “पन एकाचं दुसऱ्यावाचून होत नाही.”

टिपणीस परत आले. नळी बघितली. सुनंदाने सांगितलेलं सगळं मान खाली घालून ऐकलं, आणि नळी फिनेलच्या बादलीत ओतली.

“ही भेसळ आहे, म्हात्रे.”

“सर, पन झालंय ना ते! मी पाच वेळा करून दाखवते.”

“दोन जंतू टाकून काहीही होईल. उद्या तुम्ही आईचा टोप आणून ठेवाल.”

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. त्यांनी तिच्या प्रबंधातलं ते प्रकरण लाल पेनाने आडवं-उभं खोडलं आणि स्वतः वाक्य लिहून दिलं, की टी-सात हा वाण हे द्रव्य पूर्णपणे मोडतो, प्रयोगातल्या अडचणींमुळे ते दर वेळी दिसत नाही. हे टाइप केलंत तर सही, नाहीतर नाही. मी तिला म्हटलं, प्राचार्यांकडे जाऊ. ती म्हणाली, “मॅडम, प्राचार्य सही करनार आहेत का?” आणि तिने ते वाक्य टाइप केलं. ते करताना ती हसत नव्हती. मला त्या माणसाची इतकी किळस आली, की मी काही दिवस बेसिन बदललं, खालच्या मजल्यावर जाऊन हात धुतले.

व्हायव्हाला परीक्षक मुंबईहून आले. स्थूल, घामाघूम, साधे गृहस्थ. शेजारच्या विभागातलं कोणी हवं म्हणून मलाही बसवलं. सुनंदाने प्रयोग दाखवायचा होता, पण नळ्या तयार करण्याचं काम टिपणीसांनी तिच्यावर सोडलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताने, कुलपातला टी-सात काढून, दोन दिवस आधी सगळं मांडून ठेवलं होतं. नळी फक्त तिने उघडायची होती.

तिने थेंब टाकले. मी डोळे मिटून घेतले, कारण आता नळी पिवळी होणार, हा माणूस लोडशेडिंगवर खापर फोडणार आणि पोरगी नापास होणार, हे मला दिसत होतं.

“वा!” परीक्षक म्हणाले.

मी डोळे उघडले. नळी नितळ होती.

टिपणीसांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उजळलेला पाहिला. इतक्या वर्षांत त्यांचा टी-सात कधी नव्हे तो यशस्वी झाला होता, आणि तोही परक्या माणसासमोर. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. सगळं संपलं होतं. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. सुनंदाने गप्प राहायचं होतं, बस्. पदवी, कायम नोकरी, वाडी, सगळं त्या टोपणाखाली होतं.

“सर,” ती म्हणाली, “याची स्लाइड करून बघू या का?”

“गरज नाही,” टिपणीस म्हणाले.

“बघू या की,” परीक्षक म्हणाले. “विद्यार्थिनीच मागतेय तर.”

तिला माहीत होतं. एकट्या टी-सातने तिच्याकडे एकदाही हे केलेलं नव्हतं. तिने थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवून बाजूला झाली. परीक्षकांनी डोळा लावला. मग मला खुणावलं. मी झाडपाल्यातली बाई, पण मलाही दिसलं. टी-सातचे गोल गोल मणी, माळेने लागलेले. आणि मण्यांच्या मधे मधे आडव्या-तिडव्या काड्या. तो मरतुकडा.

“टिपणीस, हे दोन आहेत,” परीक्षक हळू आवाजात म्हणाले. शुद्ध म्हणून ठेवलेल्या नळीत दुसरं काही निघणं ही या लोकांत भर पंगतीत धोतर सुटण्यासारखी गोष्ट असते, म्हणून त्यांनी आवाज हळू केला.

“कोणीतरी हात लावला आहे,” टिपणीस म्हणाले, आणि सुनंदाकडे बघितलं.

“कोन लावनार सर?” ती म्हणाली. “किल्ली तुमच्या गळ्यात आहे.”

टिपणीस पुढे झाले आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. ते खूप वेळ बघत होते. काच थोडी सरकवली, पुन्हा बघितलं. प्रकाश कमी केला, वाढवला. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती मान हलत नव्हती. मग ते सरळ झाले.

“एकच आहे,” ते म्हणाले. “काड्यांसारखं दिसतं ते रंगाचे कण आहेत.”

परीक्षकांनी टोपण परत लावलं. ते रागावले नाहीत, त्यांनी सुनंदाला विचारलं, की तुझं काय म्हणणं आहे, आणि तिने सगळं सांगितलं, नळी बादलीत ओतल्याचं सोडून. तेवढं मी सांगितलं. ते म्हणाले, प्रबंध परत लिही, जे झालं ते लिही, गाइडची सही घेऊन महिनाअखेरीला पाठव, मी पास करतो. नियमाने गाइडच्या सहीशिवाय त्यांनाही काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून टिपणीस रजेवर गेले.

महिना संपत आला. फोन उचलत नव्हते. शेवटी मी आणि सुनंदा त्यांच्या घरी गेलो. फुलपाड्यात गल्लीत पाण्याचे टँकर, जिन्यात सायकली, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या घरच्या फोडणीचा वास आणि वेगळ्या भाषेतली भांडणं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार बंद. सुनंदाच्या आईने वाडीतली केळ्यांची एक मोठी फणी दिली होती. मी तिला म्हटलं होतं, नको नेऊस, अपमान करून घेशील. पण ती घेऊन आली होती.

दार उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्ट तोच, गळ्यापर्यंत बटणं. आम्हाला आत घेतलं. बसा म्हणाले नाहीत, कारण खोलीत एकच खुर्ची होती आणि तीवर पेपरांचा गठ्ठा होता. ते खिडकीशी उभे राहून प्रबंध वाचायला लागले. पहिल्यापासून. मी मनात म्हटलं, हा आता लाल पेन काढणार. काढलंही. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, एका ठिकाणी ‘न’चा ‘ण’ केला. मला वाटलं, ते कागद ओढून घ्यावेत आणि त्यांच्या तोंडावर मारावेत.

शेवटच्या प्रकरणापाशी ते थांबले. सुनंदाने लिहिलं होतं, की दुसरा जंतू शुद्ध नळीत कसा शिरला ते समजू शकलं नाही.

“लाइट गेले होते,” टिपणीस म्हणाले. “तुलनेसाठी तो मरतुकडाही मांडत होतो, अंधारात दोन्ही नळ्यांना एकच तार वापरली. मधे जाळायची राहिली.”

त्यांनी पान उलटलं.

“आणि त्या दिवशी मला दोन दिसले होते.”

“मग सर, बोललात का नाही?” सुनंदाने विचारलं. “माझ्यावर आळ घेतलात तुम्ही. सगळ्यांसमोर.”

“तुमची सगळी नोकरी पुढे आहे, म्हात्रे,” ते म्हणाले. “माझी त्या एकात गेली.”

त्यांनी निळं पेन काढलं, सही केली आणि कागद तिच्या हातात दिले. “तारेचं लिहू नका,” एवढंच म्हणाले. माफी मागितली नाही. मला सांगतात लोक, की त्या क्षणी तरी दया यायला हवी होती. मला नाही आली. चारचौघांत एक आणि दाराआड दोन असं बघणारे डोळे मला कधी समजले नाहीत. एका मुलीच्या पोटावर पाय देऊन उभं राहायचं आणि मग पाय काढला याचं कौतुक करून घ्यायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं.

सुनंदाने फणी पुढे केली. “आईने दिलीय सर. वाडीतली.”

“घेऊन जा.”

तिने ती दाराशी चपलांच्या फळीवर ठेवली आणि आम्ही निघालो. सही झाली होती. ती जूनमध्ये कायम झाली आणि टिपणीस रजेवरून परत न येता तसेच निवृत्त झाले, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, खालच्या मजल्याच्या वळणावरून. वर दार उघडल्याचा आवाज आला म्हणून मी मान वर केली. टिपणीस बाहेर आले होते. त्यांनी फणी दोन बोटांत देठाला धरून उचलली, थोडा वेळ तशीच हातात लोंबकळत ठेवून उभे राहिले, मग समोरच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली, बेल दाबली आणि ते दार उघडायच्या आत भराभर स्वतःच्या घरात शिरले.

“बघितलंत मॅडम?” सुनंदा डोळे पुसत म्हणाली. “टाकली नाहीत.”

“खाल्लीही नाहीत,” मी म्हटलं.